‘एका गाडीत दोन गाड्यांची दुखणी’ : हायब्रीडसाठी आई-वडिलांना राजी करताना आलेले अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

आमच्या घरची डिझेल गाडी १४ वर्षांची झाली असून ती बदलावी, याबद्दल घरात कोणाचेही दुमत नाही. वाद सुरू होतो तो नवी गाडी हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, घेऊ या, असे मी म्हटल्यावर. बाबांचे उत्तर ठरलेले असते : “एका गाडीत दोन गाड्यांची दुखणी कशाला घेतोस?” मी माहितीपत्रके दाखवली, मोबाइलवर चित्रफिती दाखवल्या, ते सगळे शांतपणे पाहतात, चष्मा पुसतात आणि पुन्हा तेच वाक्य म्हणतात. त्या वाक्यामागे दुसरेच काहीतरी दडले असावे, असा मला आता संशय येऊ लागला आहे. म्हणून ज्यांनी आपल्या आई-वडिलांना अशा गाडीसाठी राजी केले, किंवा ज्यांना ते जमले नाही, त्यांनी नकाराचे खरे कारण शेवटी काय निघाले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. मी बोलतो आहे ती स्ट्राँग हायब्रीडबद्दल, म्हणजे प्लगला लावावी न लागणाऱ्या आणि कमी वेगात काही अंतर केवळ मोटरवर जाणाऱ्या गाडीबद्दल. इंजिनाला नुसता हातभार लावणारी माइल्ड हायब्रीड हा वेगळा विषय आहे.

अनगोळ

आमचे अण्णा उद्यमबागेत ३५ वर्षे टर्नर होते आणि त्यांचाही आक्षेप अगदी हाच होता. दोन यंत्रे म्हणजे दुप्पट झीज, हे लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाचे साधे गणित, आणि ते मला खोडता येत नव्हते. शेवटी एका रविवारी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर टोयोटाच्या पद्धतीतला प्लॅनेटरी गिअर काढला : मध्ये सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट आणि बाहेरून रिंग. इंजिन प्लॅनेटच्या कॅरिअरला, एक मोटर-जनरेटर सनला आणि चाकांकडे जाणारी ताकद रिंगवरून, एवढे सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

“क्लच कुठाय?” त्यांनी विचारले. क्लच नाही, असे मी म्हणालो. “स्टार्टर?” वेगळा नाही, जनरेटरच इंजिन फिरवून चालू करतो. “आणि आल्टरनेटर?” तोही नाही. प्रत्येक उत्तरासरशी त्यांनी कागदावर एकेक फुली मारली आणि मग बराच वेळ त्या फुल्यांकडे पाहत बसले. झिजणाऱ्या वस्तूंची यादी वाढण्याऐवजी कमी होते आहे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, त्यामुळे मला आणखी काही बोलावेच लागले नाही. राहता राहिली बॅटरी. आम्ही पाहिलेल्या गाडीत ती जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. ती पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही, म्हणून ती टिकते, आणि तिला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी आहे. या पद्धतीची पहिली गाडी, टोयोटाची प्रियस, जपानमध्ये १९९७ साली विक्रीला आली होती, हे ऐकल्यावर “म्हणजे प्रयोग आपल्यावर नाही” एवढेच ते म्हणाले.

थोडे विषयांतर होते आहे, पण सांगतो. ही गाडी बेंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यात बनते, असे मी सहज बोलून गेलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले होते, ही गोष्ट आमच्याकडे फौंड्रीतला प्रत्येक जुना कामगार घरच्या आठवणीसारखी सांगतो. अण्णा त्या दिवशी संध्याकाळी किर्लोस्कर रोडवरून फिरून आले आणि त्यांनी आपणहून विचारले, “रंग कुठले कुठले आहेत?”

निपाणी

माझ्या आप्पांचा तंबाखूचा व्यापार आहे. आमच्या घरी कोणतीही गोष्ट वहीत उतरल्याशिवाय खरी मानली जात नाही, त्यामुळे मी चित्रे काढण्याच्या भानगडीत न पडता वही उघडली. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रीड आम्हाला अडीच लाखांनी महाग पडत होती. पेट्रोल १०३ रुपये लिटर धरले, साध्या गाडीचे ॲव्हरेज १५ आणि हायब्रीडचे २२ धरले, तर किलोमीटरमागे साधारण २ रुपये १८ पैसे वाचतात. कोल्हापूर, बेळगाव आणि आसपासची गावे धरून आप्पांचे वर्षाला २४,००० किलोमीटर होतात, म्हणजे सुमारे ५२,००० रुपये. पाच वर्षांच्या आत फरक फिटतो, हे त्यांनी दोनदा ताडून पाहिले. मी २२ धरले, कारण कंपनीच्या कागदावरचे २७.९७ हे चाचणीतले आहे आणि महामार्गावर सलग १०० च्या वेगाने गेल्यास इंजिन बहुतेक वेळ चालूच राहते. खरा फायदा गावातल्या थांबत-थांबत जाण्यात आहे. हे लपवले असते तर पहिल्याच महिन्यात आमची वही माझ्यावर उलटली असती.

कराची गोष्ट मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला आजीव कर १७ टक्के आणि त्यावर उपकर, तर पलीकडे महाराष्ट्रात तेवढ्याच पेट्रोल गाडीला १२ टक्के. सीमेपलीकडचे कागल आमच्या दारातून दिसावे इतके जवळ असल्यामुळे “एमएच-०९ करून टाकू की”, म्हणजे कोल्हापूरचा क्रमांक घेऊ, हा विचार निपाणीत प्रत्येक घरात एकदा तरी येतोच. परंतु आपण जिथे राहतो तिथेच नोंदणी करायची असते आणि परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला क्रमांक घ्यावाच लागतो, हे समजावताना माझे दोन आठवडे गेले. त्यानंतर त्यांनी विचारले की, या हायब्रीडवर जीएसटी ४० टक्के आणि संपूर्ण विजेच्या गाडीवर ५ टक्के, तर मग विजेचीच का नको? प्रश्न बिनतोड होता. आमच्या गोदामाकडची वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, हे त्यांचे त्यांनाच आठवले म्हणून मी वाचले.

जांबोटी, ता. खानापूर

आमच्याकडे अडून बसली होती ती आई. ती गाडी चालवत नाही, पैसेही तिचे नव्हते, आणि तरीही ती पावसाळ्यात त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही असे सांगत होती. खोदून विचारल्यावर कळले की, तिच्या माहेरी एका आषाढात तुटून पडलेल्या तारेला लागून गोठ्याबाहेरची म्हैस गेली होती, आणि ती तिने डोळ्यांनी पाहिली होती. आमच्या भागातला पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना या भीतीचे हसू येणार नाही.

शोरूममधल्या एका वयस्कर मेकॅनिकने बॉनेट उघडून तिला नारिंगी आवरणाच्या वायरी दाखवल्या. जास्त दाबाची वीज फक्त त्यांतूनच जाते, गाडीच्या पत्र्याशी तिचा संबंध येऊ दिलेला नाही आणि कुठे बिघाड झाला तर ती आपोआप तोडली जाते, हे त्याने तिला कानडी-मराठी मिसळून सांगितले. साचलेल्या खोल पाण्यात घालू नका, असेही तो म्हणाला, पण ते कुठल्याही गाडीला लागू आहे. आता चोर्ल्याच्या घाटात चढताना इंजिन घोंगावते, ते मला आवडत नाही. उतरताना बॅटरी लवकर भरते आणि मग गिअरचा दांडा ‘बी’वर घेऊन इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा लागतो. आईची तक्रार वेगळीच आहे. सकाळी गाडी आवाज न करता अंगणातून निघते, कोंबड्या जागच्या हलत नाहीत, म्हणून तिला पुढे जाऊन त्यांना हुसकावे लागते.

चिकोडी

मला जमले नाही, आणि बरेच झाले. आमच्या वडिलांचे वर्षाला जेमतेम ५,००० किलोमीटर होतात. वरच्या निपाणीच्या हिशोबाने अडीच लाख फिटायला २२-२३ वर्षे लागतील. त्यांनी साधी पेट्रोल गाडी घेतली.

संकेश्वर

एक इशारा देतो, कारण विक्रीच्या वेळी तो आम्हाला कोणी दिला नव्हता. गाडी घेतल्यावर आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो आणि परतल्यावर ती चालूच होईना. मोठी बॅटरी ठणठणीत होती. उतरली होती ती नेहमीची १२ व्होल्टची, जी गाडीच्या संगणकाला जागे करते. शेजाऱ्यांच्या बॅटरीला वायर जोडून पाच मिनिटांत काम झाले, परंतु तेवढ्यात पप्पांनी “मी सांगत होतो” हे वाक्य चार वेळा म्हणून घेतले. आता आम्ही बाहेरगावी असलो की शेजारचा मुलगा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी ‘रेडी’, म्हणजे चालू, करून ठेवतो.

शहापूर, बेळगाव

मी स्वतः नकार देणाऱ्यांपैकी आहे, वय ७१. माझ्या मुलाने पैसे, पर्यावरण, पेट्रोल असे सगळे सांगून पाहिले आणि मी प्रत्येक वेळी किमतीवर बोट ठेवले. किंमत हे कारण नव्हते. या सगळ्या गाड्या क्लच नसलेल्या असतात, आणि पहिल्या टेस्ट ड्राइव्हला गोगटे सर्कलजवळ माझा डावा पाय सवयीने क्लच शोधत ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मागच्या रिक्षावाल्याने माझा जो उद्धार केला तो मुलाने ऐकला. चाळीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला पोराच्या देखत ‘मला हे जमत नाही’ असे म्हणता येत नाही, म्हणून मी ‘महाग आहे’ म्हणत राहिलो. सुनेने ते ओळखले. तिने चार रविवार पहाटे मला एका मोकळ्या मैदानावर नेले आणि डावा पाय सीटखाली ओढून घेऊन बसायला लावले. पाचव्या रविवारी मी एकटा वडगावपर्यंत जाऊन आलो.

पुन्हा टिळकवाडीहून

सर्वांचा आभारी आहे. काल बाबांना टेस्ट ड्राइव्हला नेले आणि मुद्दाम दुसऱ्या रेल्वे गेटचा रस्ता धरला. गेट पडलेले होते. आजूबाजूला सगळ्यांची इंजिने धडधडत होती आणि आमची गाडी गप्प. “बंद पडली की काय?” असे बाबांनी विचारले. बंद नाही, इंजिन थांबले आहे आणि एसी मोटरच्या बॅटरीवर चालू आहे, असे मी सांगितले. आगगाडी धडधडत गेली, गेट उघडले, आम्ही आवाज न करता रूळ ओलांडले आणि तेव्हा त्यांनी विचारले, “ही बिघडली तर आपला मिस्त्री हात लावणार नाही ना?” गेली २० वर्षे ते ज्याच्याकडे गाडी आणि गप्पा दोन्ही घेऊन जातात, त्या खानापूर रोडच्या मिस्त्रीबद्दल ते बोलत होते.

आज सकाळी आम्ही त्यालाच जाऊन विचारले. ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन मी करीन, पण नारिंगी वायरींना हात लावणार नाही, त्यासाठी शोरूमलाच जा, असे त्याने स्पष्ट सांगितले. परत येताना बाबा म्हणाले, “दसऱ्याला बघू.”