‘दोन बाबे आले!’ : न शिकवता आलेली भाषा (अनुभव धागा)

परवा संध्याकाळी गॅसच्या मीटरचं रीडिंग घ्यायला दोघं जण आले. आमची पावणेतीन वर्षांची लेक स्वयंपाकघरात पळत आली आणि म्हणाली, “आई, दोन बाबे आले!” सध्या तिच्या लेखी मिशीवाला प्रत्येक माणूस बाबाच आहे, ते सोडा. पण ‘बाबे’? हा शब्द आमच्या घरात कुणाच्याच तोंडी नाही. ससा-ससे, मासा-मासे, पेढा-पेढे हे तिनं ऐकलं असणार, आणि बाबाला त्याच माळेत ओवून टाकलं.

जीन बर्को या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९५८ साली लहान मुलांना एक चित्र दाखवलं होतं. पक्ष्यासारखा काहीतरी प्राणी, नाव ‘वग’. नाव अर्थातच बनावट. मग तसेच दोन दाखवून विचारलं, आता हे काय? मुलांनी त्या कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बिनदिक्कत करून दिलं. नुसती नक्कल करणाऱ्याला हे जमलं नसतं.

तर धागा त्यासाठी. तुमच्या घरच्या लेकरानं असा कुठला शब्द किंवा वाक्य काढलं, जे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं? पहिला शब्द कितव्या महिन्यात आला याची शर्यत मात्र नको. ती वाढदिवसांच्या पंगतीत रोज होते.

साताऱ्याहून एक आजी

माझा नातू तीन वर्षांचा होईपर्यंत “मी येते, मी जेवते, मी दमले” असंच बोलायचा. शेजारपाजारचे हसायचे. सूनबाई रडवेली झाली होती, म्हणे याला काही झालंय का? काही झालं नव्हतं. मुलगा बोटीवर, घरात सूनबाई, मी आणि भांड्याला येणाऱ्या मावशी. ‘मी’ म्हणणारं प्रत्येक माणूस बाईमाणूस. त्यानं जे ऐकलं ते चोख उचललं, चूक कुठे होती? मुलगा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला आणि पंधरा दिवसांत “मी येतो” सुरू झालं.

अजून एक. बापाला तो हाक मारायचा “अहो!”. सूनबाई तशीच मारते ना. मुलगाही बिचारा ओ द्यायचा.

ठाण्याहून, दोन मुलांचा बाप

मी वही ठेवली होती, त्यातलं सांगतो. थोरला दोन वर्षांचा असताना “मी केलं” म्हणायचा. स्वच्छ, बरोबर. अडीचच्या पुढे एकदम “मी करलं” सुरू. “बाबा गेला”चं “बाबा जाला”. मला वाटलं, गाडी उलटी चालली. बायको म्हणाली, तू फोनवर असतोस म्हणून. (तोही मुद्दा होताच.)

नंतर वही नीट चाळली तेव्हा उमगलं. आधीचं ‘केलं’ म्हणजे नुसता पाठ झालेला शब्द होता, ‘टाटा’सारखा. मधल्या काळात त्याला बस-बसलं, पळ-पळलं, पड-पडलं यातली गंमत सापडली होती. ती सापडल्याबरोबर पठ्ठ्यानं ‘कर’लाही तोच साचा लावला. चार वर्षांचा झाला तेव्हा ‘केलं’ परत आलं, या वेळी अपवाद म्हणून. मधली दीड वर्षं मी दुरुस्त्या करण्यात घालवली, त्याचा नमुना:

“बाबा, मी चित्र करलं.”
“केलं म्हण.”
“हो, मी केलं म्हण करलं.”

लिंगाचं तर विचारू नका. “हत्ती आली, पाणी प्याली.” शेवटी ई दिसली की ती बाई. मावशी, काकी, ताई, चिमणी, मांजरी, सगळ्या तशाच, मग हत्तीनं काय घोडं मारलंय? पाणीही “सांडली”.

वर दिलेला तो वगचा प्रयोग धाकटीवर करून पाहिला. कागदावर एक ठोकळ्यासारखा प्राणी काढला, म्हटलं हा टिंबा. दोन काढले. “टिंबे!” मग एक फुकी काढली. दोन? “फुक्या!” वय साडेतीन. नंतर ती म्हणाली, “पण फुकीला डोळे काढ ना.” प्रयोग संपला.

अकोल्याची, सध्या पुण्यात

आमच्याकडे उलटं. पोरगं माझ्या आईजवळ वाढलं, त्यामुळे “मले पायजे”, “कुठी चाल्ली?” सगळं वऱ्हाडी. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की शुद्ध बोलायला शिकवा. आम्ही काहीच केलं नाही. सहा महिन्यांत तो बाईंशी ‘मला’ आणि आजीशी ‘मले’ बोलायला लागला. एकदा मी त्याला ‘मले’ म्हणाले तर म्हणतो, “तू नको म्हणू, ते आजीचं आहे.”

व्हँकूवरहून

नवरा इथलाच, इंग्रजी बोलणारा. लग्नानंतर मोठ्या हौसेनं मराठी शिकला, पण ‘ताट’ आणि ‘टाट’ त्याला एकच ऐकू येतात. मी दहादा म्हणून दाखवते, तो मान डोलावतो आणि पुन्हा “टाट वाढू का?” विचारतो. लेक अडीच वर्षांची होती तेव्हाच त्याला दुरुस्त करायला लागली, “डॅडी, नॉट टाट. ताट!” त्याला वाटायचं, मायलेकी मिळून चेष्टा करतायत.

मग कळलं की याच विषयावरचं एक गाजलेलं काम आमच्याच गावातलं आहे. इथल्या विद्यापीठातल्या जॅनेट वर्कर यांनी १९८४ साली दाखवून दिलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या त आणि ट मधला फरक ऐकू येतो. तीच बाळं दहा-बारा महिन्यांची होईस्तोवर बहुतेकांना तो येईनासा होतो. कान बिघडत नाही. आपल्या घरात जो फरक कामाचा नाही तो बाळ बाजूला टाकतं, आणि जो कामाचा आहे तिथे जास्त तल्लख होतं. म्हणजे नवरा हा फरक पाळण्यात असतानाच विसरलाय. मी आता त्याला माफ केलंय. ‘ळ’बद्दल अजून नाही.

नाशिकहून

वरचं सगळं वाचून हसले. माझा अनुभव वेगळा आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मुलगा सात-आठ महिन्यांपर्यंत भरपूर आवाज काढायचा. नंतर हळूहळू गप्प झाला. बाकीची बाळं त्या वयात बा-बा-बा, दा-दा-दा सुरू करतात, याचं ते आलंच नाही. घरातल्यांनी सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात. सासरे म्हणाले, याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. कुणी मध चाटवायला सांगितलं. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, तेव्हा मला माहीत नव्हतं.) दीड वर्षाचा असताना दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

ऐकू येत नसेल ही शंका आम्हाला आली नाही, कारण तो फसवायचा. म्हणजे बिचारा फसवत नव्हता. मागे भांडं पडलं की वळायचा, पण फरशीचा हादरा पायाला कळायचा म्हणून. मी खोलीत आले की बघायचा, सावली दिसायची म्हणून. एकदा तो गादीवर उभा होता आणि माझ्या हातून स्टीलचा डबा पडला. वळला नाही. मी तो डबा मुद्दाम आणखी तीनदा पाडला.

बेरा, म्हणजे कानाची नस आवाजाला प्रतिसाद देते का ते बघणारी चाचणी, बाविसाव्या महिन्यात झाली. दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण. आधी कानाला श्रवणयंत्रं लावली, मग तीन वर्षं पूर्ण व्हायच्या थोडं आधी सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की मूल बोलायला लागतं. तसं नसतं. ज्या दिवशी मशीन चालू केलं, त्या दिवशी तो घाबरून रडला. थेरपिस्ट ताई म्हणाल्या, आजपासून याचं ऐकण्याचं वय शून्य. तान्हं बाळ समजा.

त्यांनी कार्डं आणि तक्ते दिले नाहीत. जे करताय ते बोला, म्हणाल्या. कणीक मळताना, अंघोळ घालताना, जिना उतरताना. आणि बोलून झालं की थांबा, त्याच्याकडे बघा, त्याची पाळी येऊ द्या. बोलणं सोपं होतं. थांबणं फार कठीण गेलं. मी प्रश्न विचारून उत्तरही मीच द्यायचे. पहिला शब्द आला तेव्हा तो तीन वर्षं पाच महिन्यांचा होता. चपला घालत होतो. म्हणाला, “भूल.” भूर. मी दारातच बसले.

आता सात वर्षांचा आहे. ठाण्याच्या बाबांनो, आमच्याकडे “मी करलं” यंदा सुरू झालंय. तुमच्याइतकी दुरुस्ती मी करत नाही. मला ते ऐकायला आवडतं.

वाक् आणि श्रवण उपचारतज्ज्ञ, मुंबई

नाशिकच्या ताईंचं वाचून दोन गोष्टी टाकते. नवजात बाळाची ओएई, म्हणजे कानाची तपासणी, बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. जिथे बाळंतपण होणार असेल तिथे विचारून ठेवा. वर्षाचं मूल बडबडत नसेल, बोट दाखवून वस्तू दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःचं दोन शब्दांचं वाक्य नसेल, किंवा आलेली भाषा कुठल्याही वयात गेली असेल, तर वाट बघू नका, आधी कान तपासा. घरात दोन भाषा असल्यामुळे मूल उशिरा बोलतं हे खरं नाही. त्यासाठी मातृभाषा बंद करू नका, हे मी आठवड्यातून चारदा सांगते.

पिंपरीहून

आमच्या मुलीला दोन वर्षांची असताना मोबाइलवरचे सगळे रंग इंग्रजीत यायचे, पर्पलसुद्धा. तहान लागली की मात्र हात धरून फ्रिजपाशी न्यायची. पॅट्रिशिया कूल या अमेरिकन संशोधक बाईंच्या २००३ सालच्या प्रयोगात अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसांकडून चिनी भाषेचे आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं पडद्यावर दाखवली तर काहीच शिकली नाहीत. हे वाचलं आणि मोबाइल कपाटात. पहिले चार दिवस आम्हा तिघांनाही जड गेले.

बेळगावहून, मावशी

भाची दोन वर्षांची. आईकडून मराठी, वडिलांकडच्या आजीकडून कन्नड. दोन्ही कधी आपसांत अडखळत नाहीत. माणूस बघून बोलते. मी मुद्दाम विचारलं, नीरु म्हणजे काय गं? म्हणाली, “नीरु म्हणजे अज्जीचं पाणी.”

मेळघाटातून, अंगणवाडी सेविका

मी इथे नवी आले तेव्हा पोरं महिनाभर माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती. वरच्यांना कळवणार होते की गावातली पोरं बोलण्यात मागे आहेत. एक दिवस दुपारी झाडाखाली तीच पोरं बघितली. भांडण चाललं होतं, एकेकाच्या तोंडाचा पट्टा थांबेना. कोरकूत. कोरकू काही मराठीची बहीण नव्हे, ती झारखंडकडच्या संथाळी-मुंडारीच्या घराण्यातली. पोरं मागे नव्हती, मीच मुकी होते. पहिला शब्द शिकले ‘डा’, पाणी. चुकीचा उच्चारला तर पोरं खदखदून हसली आणि मला शिकवायला बसली. आता चित्र दाखवलं की आधी त्यांचा शब्द, मग मराठी.

सोलापूरहून

माझं मत जरा कडक आहे. मुलांशी बोबडं बोलूच नये. मम्मं, भूर, जोजो, हे शिकवायचं आणि मग विसरायला लावायचं, कशाला दुप्पट काम?

धागाकर्ती

सोलापूरकर, त्या शब्दांवरही अभ्यास झालाय बरं. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठीतल्या या बाळबोलीवर १९६४ साली लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी सहा भाषांमधली बाळबोली शेजारी ठेवून पाहिली, त्यात अरबी आणि स्पॅनिशबरोबर मराठीही होती. सगळीकडे सोपी अक्षरं, तीच पुन्हा पुन्हा. मम्मं म्हणणारं कुणी मोठेपणी हॉटेलात मम्मं मागत नाही.

उलट मुलं आपल्या बोबड्या नकलेवर चिडतात, हे मी पाहिलंय. आमची रिक्षाला ‘लिक्षा’ म्हणते. तिचे बाबा लाडानं म्हणाले, “चल, लिक्षात बसू.” तर फणकारली, “लिक्षा नाही! लिक्षा!” कानात र बरोबर होता, जिभेवर यायचा होता.

साताऱ्याहून आजी, पुन्हा

हे सगळं काल नातवाला वाचून दाखवलं. आता तो अकरा वर्षांचा आहे. म्हणाला, “आजी, मी असं कधीच बोलत नव्हतो, उगाच काहीही लिहू नकोस.” त्याचंही म्हणणं इथे लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिलं.