बँ-मारी: यातली मारी कोण?

पाककृतींत भेटणाऱ्या 'बँ-मारी' या फ्रेंच शब्दाचा अर्थ कुणी 'डबल बॉयलर' असा देतात. तो चालेल, पण त्यात नावाची गंमत हरवते. फ्रेंचमध्ये 'बँ' म्हणजे स्नान. मोठ्या भांड्यात गरम पाणी, त्यात लहान भांडं, आणि आतल्या पदार्थाला आच लागते ती फक्त पाण्यातून. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, म्हणून अंड्याचं कस्टर्ड फाटत नाही. चॉकलेट वितळवताना तर वरचं भांडं पाण्याला टेकूही देत नाहीत, नुसती वाफ पुरते. कुकरात डबे ठेवून लावलेला वरणभात मात्र बँ-मारी नव्हे. तिथे दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास पोचतं, आणि इथे तर सगळा भर मंद आचेवर.

आता मारी. हा शब्द लॅटिन 'बाल्नेउम मारिए', म्हणजे 'मारियाचं स्नान', यावरून आला. ही मारिया स्वयंपाकीण नव्हती, किमयागार होती! इजिप्तमधला किमयागार झोसिमोस इ.स. ३०० च्या सुमारास आपल्या लेखनात तिचे दाखले आदराने देतो. ऊर्ध्वपातनाचं तीन नळ्यांचं पात्र तिच्या नावावर आहे. तिचं स्वतःचं लेखन उरलेलं नाही. ती आपल्याला भेटते ती अशा उताऱ्यांतूनच. पाण्याच्या आचेचं श्रेय तिला परंपरेने दिलं आहे.

दुसरं मत असं की आच सौम्य, म्हणून नाव येशूच्या मातेचं. मला ते पटत नाही. हा शब्द किमयागारांच्या प्रयोगशाळेत आधी रुळला, चुलीपाशी नंतर आला. आपल्या रसशास्त्रातलं, म्हणजे भारतीय किमयाविद्येतलं, वालुकायंत्र याच कुळातलं: तिथे पाण्याऐवजी वाळू, म्हणून आच जास्त, पण तशीच सर्व बाजूंनी सारखी.

पोर्तुगीजमध्ये हेच 'बान्यु-मारिया', आणि गोव्यातलं कॅरॅमल पुडिंग असंच शिजतं. जर्मनांनी 'वासरबाट', म्हणजे नुसतं जलस्नान, म्हणून मारियाला वगळलं, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे हॉटेलांत 'बेन मेरी' म्हणतात ते बुफेतलं अन्न गरम ठेवायचं टेबल. तोही अर्थ बरोबरच आहे. पाककृती लिहिताना मी 'गरम पाण्यात भांडं ठेवून' असं सरळ लिहीन आणि पुढे कंसात बँ-मारी देईन.