अमेरिकेतल्या शाळेत वर्णावरून छळ: तक्रार कुठे करायची?

प्रश्न: शाळा ढिम्म असेल तर पालकांनी कुणाकडे जायचं? वकील लागतो का?

उत्तर १: नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं, भेदभावाला मनाई करणारं सहावं प्रकरण (Title VI) केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळांना लागू आहे. केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार करा, फी नाही. मुदत घटनेपासून १८० दिवस. तारीख, जागा, नेमके शब्द, शाळेला पाठवलेले ईमेल जोडा. ‘नेहमीच त्रास देतात’ एवढ्यानं भागत नाही.

उत्तर २: घोळ मुदतीत होतो. लोक शाळेच्या चौकशीची वाट बघत बसतात. १८० दिवसांत शाळेकडे लेखी तक्रार केली असेल, तर तिथली चौकशी संपल्यापासून ६० दिवसांत कार्यालयाकडे तक्रार करून मुदतीतून सूट मागता येते. तोंडी सांगितलेलं सिद्ध करणं अवघडच!

उत्तर ३: कायद्याच्या या सहाव्या प्रकरणात वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ येतं, नुसता धर्म नाही.