काही न करणं हाच कार्यक्रम

‘आठवडाभरात बंदरं तीनच, मग कॅरेबियन क्रूझवर उरलेले दिवस दोघांनी करायचं काय?’ असं वर विचारलंय. अहो, काहीच करायचं नाही, त्याचेच तर पैसे मोजतो आपण!

ठाण्यात आमची सकाळ म्हणजे डबे, कुकरच्या शिट्ट्या आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. जहाजावरही ह्यांनी सवयीने सहाचा गजर लावला होता, तो मी गपचूप बंद केला. नाश्ता झाला की तलावपाळीला मारतो तसे डेकवर फेरे मारायचे, मग कठड्याला रेलून उडते मासे बघायचे. जहाजाने कापलेल्या लाटेतून चंदेरी मासा सपकन उसळतो, पंख ताणून पाण्यालगत बराच लांब तरंगत जातो आणि टुपकन गडप. ह्यांचा मोबाईल खिशातून निघेपर्यंत खेळ खलास. त्यात आमचे दोन तास आरामात जायचे.

ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. पहिली झुंबड ओसरू द्या, मग उतरा.

मायामीहून निघणार असाल तर अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा लागेल, कारण परतताना पुन्हा अमेरिकेत प्रवेश असतो. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम. तेव्हा तिकिटं स्वस्त मिळतात, पण ऐनवेळी बंदर बदलू शकतं. मला चाललं असतं, ह्यांना नाही, म्हणून फेब्रुवारीत गेलो.

शाकाहारी असाल तर रात्री जेवतानाच वेटरला उद्याचं सांगून ठेवा. डाळ-भात मिळतो, फोडणीची अपेक्षा ठेवू नका.