१९६६ ची एमजीबी रोडस्टर: आधी सिल की आधी इंजिन? आणि पुढे विकायची असेल तर?

तारवेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. १९६६ ची एमजीबी रोडस्टर (उघडी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पूर्ण उघडून नव्याने उभी करायची आहे. इंजिन १८जीबी, म्हणजे पाच बेअरिंगचं, १७९८ सीसी. कार्बोरेटर दोन एसयू एचएस४, चाकं तारांची, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारा जास्तीचा गिअर) आहे. गाडी बरीच वर्षं बंद उभी होती, पण इंजिन हाताने फिरतं.

दिसणारे दोष असे: दोन्ही बाजूंच्या सिलवर (दाराखालच्या लांब पोकळ पेटीवर) वरून पत्रा चढवलेला आहे. सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या तळातून गेल्यात. दाराची मागची फट वर अगदी कमी आणि खाली जास्त आहे. क्लच धरत नाही. हेडलाइट मंद लागतात.

चार-पाच वर्षं चालवून गाडी योग्य माणसाला द्यायचा विचार आहे. म्हणून तीन प्रश्न. काम कुठून सुरू करावं? मूळ रूपात काय ठेवावं आणि काय बदललेलं चालतं? पुढे विकताना उपयोगी पडेल असं आत्तापासून काय करून ठेवावं?

पत्रा_आणि_टाका

फटीचं जे वर्णन केलंत त्यातच उत्तर आहे. वर कमी आणि खाली जास्त, म्हणजे गाडी मधोमध खाली बसली आहे. रोडस्टरला छप्पर नाही आणि वेगळी चॅसिसही नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचं बहुतेक काम सिलच करतं. इंजिनला अजून हात लावू नका. आधी सिल.

या गाडीचं सिल म्हणजे एक पत्रा नाही. बाहेरचं सिल, मधला उभा पडदा, आतलं सिल आणि खालची कंगोऱ्यांची पट्टी (कॅसल रेल) असे चार भाग मिळून पेटी तयार होते. वरून पत्रा चढवणारे फक्त बाहेरचा भाग झाकतात. आतला पडदा आणि कॅसल रेल तशीच कुजत राहते, कारण पाणी आता दोन पत्र्यांच्या मध्ये अडकतं. ती झाकणं काढाल तेव्हा खाली काय निघेल याची तयारी ठेवा.

कापण्याआधी हे करा:

१. गाडी चाकांवर, सपाट जागी असतानाच सगळ्या फटी मोजून फोटो काढा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्णही मोजा. पुढे सगळी मापं याच आकड्यांशी ताडायची आहेत.

२. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढा. वजन कमी होतं आणि क्लचही हाताशी येतो. क्लचची रिलीज बेअरिंग कार्बनची आहे, तिचा कार्बन किती उरलाय ते तेव्हाच पाहा.

३. सांगाड्याला आधार पुढच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागे स्प्रिंगच्या जोडणीजवळ द्या. जॅक लावायची मूळ जागा सिलमध्येच असल्याने तिचा भरवसा धरू नका.

४. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कडीच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप पक्का करा. डावीकडून उजवीकडेही एक आडवा पाइप हवा. त्याआधी मधोमध हळूहळू जॅकने उचलून फट जागेवर आणा, मगच पाइप पक्का करा. वाकलेल्या गाडीला तशीच जखडून नवं सिल घातलंत तर तो वाक कायमचा राहतो आणि मग दार कितीही घासा, बसत नाही.

५. एका वेळी एकच बाजू.

पुढचे मडगार्ड बोल्टने लागलेले आहेत, ते उतरवा. मागचे वेल्डचे असल्याने खालचा भाग कापूनच सिलच्या मागच्या टोकापर्यंत पोचता येतं. हे कापणं टाळण्यासाठी सिल अलीकडेच तोडून टाका मारणारे खूप आहेत, आणि जाणकार गिऱ्हाईक नेमकं तिथेच आधी पाहतो.

जोडणीचा क्रम: कॅसल रेल आणि आतलं सिल आधी, मग पडदा, शेवटी बाहेरचं सिल. प्रत्येक भाग आधी फक्त टाक्यांवर (छोट्या तात्पुरत्या वेल्डवर) धरा. पुढचा मडगार्ड आणि दार तात्पुरतं लावा, फट बघा, दार दहा वेळा उघडझाप करा, मगच पूर्ण वेल्ड. कारखान्यात स्पॉट वेल्ड होते. त्याऐवजी वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं साधारण २५ ते ३० मिमी अंतरावर पाडून ती भरत जा. मिग वेल्डिंगसाठी ०.६ मिमी तार पुरते. दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे आधी वेल्डमधून चालणारा झिंक प्रायमर लावा, पण भोकात तो खरवडून धातू उघडा करा, नाहीतर वेल्ड फसफसतं आणि पकड धरत नाही. सलग ओढत नेऊ नका. एक इथे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्या.

सिल झाल्यावर बॅटरीच्या पेट्या, मागच्या स्प्रिंगची पुढची जोडणी आणि पेट्रोलच्या टाकीचा वरचा पृष्ठभाग बघा. टाकी आणि डिकीच्या तळाच्या मध्ये ओल साठते, म्हणून टाकी वरून कुजते. खालून ती कोरी दिसली तरी उतरवूनच खात्री करा.

पोकळ्यांमध्ये मेण रंगानंतर फवारायचं. आधी फवारलंत आणि पुन्हा वेल्डिंग निघालं, तर मेण पेटतं. आणि टू-के (हार्डनर मिसळायचा) रंग मारताना साधा कापडी मास्क अजिबात चालत नाही. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं धरतं, बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. इथे काटकसर नको.

लेथवाले

पत्र्याचं सगळं वर आलंय, मी इंजिन आणि विजेबद्दल लिहितो.

सिलिंडर हेड काढताना एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) ज्यावर बसतात त्या शाफ्टच्या पायांचे चार नट हेडही धरून ठेवतात. म्हणून नुसता रॉकर काढायचा असला तरी आधी रेडिएटरचं पाणी काढा आणि हेडचे सगळे नट क्रमाने थोडे थोडे सैल करा. फक्त ते चार सोडले तर हेड वाकडं होऊ शकतं, आणि गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

हेड धुऊन झाल्यावर तड्यांची तपासणी करून घ्या. बी-सिरीजच्या, म्हणजे या इंजिनाच्या, हेडमध्ये मधले दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वाटेने बाहेर सोडतात, तिथे उष्णता सगळ्यात जास्त साठते आणि तडा बहुधा तिथेच, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटच्या मध्ये जातो. हेड वाचलं तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. शिसं नसलेल्या पेट्रोलवर मूळ सीट झिजत आत जाते, व्हॉल्व्हची फट बंद होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

ब्लॉकमध्ये बोअरचं मूळ माप ८०.२६ मिमी. झीज मोजून मगच ठरवा, नुसत्या रिंगा बदलून गोल न राहिलेलं बोअर सुधारत नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट (त्यावर टेकणारे भाग) बदलायचे असतील तर दोन्ही एकत्रच नवे घ्या. जुन्या टॅपेटवर नवा कॅम टाकला तर तो लगेच खराब होतो.

आवळण्याचे आकडे: हेडचे नट ६१ ते ६८ न्यूटन-मीटर, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. मेन बेअरिंगचे ९५. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनवर ०.३८ मिमी. इग्निशनच्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगची ०.६४ मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

पहिलं स्टार्ट: प्लग काढून, स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवत राहा, ऑइलच्या काट्याने दाब दाखवेपर्यंत. थोडं फिरवा, थांबा, स्टार्टर तापू देऊ नका. दाब आल्यावर प्लग लावा. कॅम नवा असेल तर इंजिन लागताक्षणी २००० च्या वर आरपीएम धरून साधारण वीस मिनिटं चालवा. आयडलवर सोडू नका, कारण कॅमवर ऑइल क्रँकच्या उडणाऱ्या थेंबांमधूनच पोचतं. ऑइल २०डब्ल्यू-५०, झिंकचं प्रमाण भरपूर असलेलं. गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच घालायचं, आणि ओव्हरड्राइव्ह असल्याने घर्षण कमी करणारी भर असलेलं ऑइल मुळीच नको, आतला शंकूसारखा क्लच घसरतो. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झालं की हेड पुन्हा आवळा आणि व्हॉल्व्हची फट पुन्हा लावा.

क्लच धरत नाही म्हणता, तर प्लेटवर ऑइल आलंय का ते बघा. मागच्या क्रँक सीलची झिरप तिथेच उतरते. इंजिन बाहेर आहेच, सील बदलून टाका.

पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सहन करणाऱ्या आर-९ दर्जाच्या. जुन्या आतून सोलतात आणि तुकडे एसयू कार्बोरेटरच्या सुईत अडकून फ्लोट बाउल वाहू लागतो. गाडीत विजेचा एसयू पंप असेल आणि गाडी बरीच वर्षं उभी असेल, तर त्याचे संपर्कबिंदू काळे पडलेले असणार. टकटक केल्यावर पंप चालू झाला म्हणून तो ठीक झाला असं समजू नका, बिंदू साफ करा किंवा बदला.

मंद हेडलाइट म्हणजे बहुतेकदा अर्थिंग आणि बुलेट जोड (तारा जोडणारी गोळीसारखी टोकं) खराब. लुकास कंपनीच्या, म्हणजे या गाडीच्या, वायरिंगमध्ये रंगाला अर्थ आहे: तपकिरी कायम जिवंत आणि फ्यूजशिवाय, पांढरी इग्निशननंतरची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ, निळी हेडलाइटची. व्होल्टमीटर घेऊन बॅटरीपासून बल्बपर्यंत एकेक जोड मोजत जा, जिथे व्होल्टेज घटतं तो साफ करा. हेडलाइटला मूळ गाडीत रिले नाही, सगळा प्रवाह दिव्यांच्या स्विचमधून जातो. दोन रिले लपवून बसवले तर स्विच वाचतो आणि कधीही काढताही येतात.

तारवेल

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) आहे, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि डायनॅमो. सगळं काढून निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटर करावं का? आणि विक्रीबद्दल कुणी लिहिलं तर बरं.

लेथवाले

चालवण्यासाठी सोयीचं आहे, पण एवढ्यासाठी मूळ रूप बदलू नये असं माझं मत. डायनॅमो धडधाकट असेल तर दोन हेडलाइट आणि वायपरला पुरतो. बदललंच तर आरपीएमचा काटा तसाच चालत नाही, आतली जोडणी उलटवावी लागते. कॉइलच्या तारा उलट्या कराव्या लागतात. डायनॅमो ठेवून फक्त ध्रुव बदलला तर त्याच्या फील्डला बॅटरीचा क्षणिक स्पर्श देऊन तो नव्याने चुंबकित करावा लागतो. काढलेला प्रत्येक भाग लेबल लावून ठेवा.

कागदपत्र_जपा

विक्रीबद्दल लिहितो. चांगली गाडी कागदांअभावी मातीमोल होताना दिसते तेव्हा वाईट वाटतं, म्हणून जरा विस्ताराने.

रंगवलेल्या सिलच्या आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. तुम्ही नीट काम केलंय की वरून पत्रा चढवलाय, हे त्याला कळायचा एकच मार्ग म्हणजे फोटो. म्हणून पहिला बोल्ट सुटायच्या आधीपासून फोटो काढा: कुजलेलं सिल, कापल्यानंतरची पोकळी, नवी कॅसल रेल टाक्यांवर, पूर्ण वेल्ड, प्रायमर, मेण. प्रत्येक फोटोत गाडीचा ओळखू येईल असा भाग यायला हवा. नुसत्या वेल्डचा जवळून काढलेला फोटो कोणत्याही गाडीचा असू शकतो.

इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवा. त्यात कारखान्याच्या नोंदीवरून बांधणीची तारीख, मूळ रंग, मूळ इंजिन क्रमांक आणि गाडी कुठे पाठवली ते मिळतं. हे रंग ठरवण्याच्या आधी मागवा. चॅसिस क्रमांक जीएचएन३ ने सुरू व्हायला हवा. इंजिन क्रमांकाची पट्टी ब्लॉकवर असते, ब्लॉक धुताना ती हरवू देऊ नका. क्रमांक जुळला नाही तर तसं सरळ सांगून विका. न जुळणारं इंजिन हा दोष नाही, लपवलेलं इंजिन हा दोष आहे. हेच पूर्ण नव्या सांगाड्याबद्दल. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीचे सांगाडे नव्याने बनवते. तसा सांगाडा घातला असेल तर ते लिहूनच द्यायचं.

काम संपल्याबरोबर विकू नका. काही शे किलोमीटर चालवल्याशिवाय गळती, सैल नट, ब्रेकची ओढ बाहेर येत नाही, आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात आली तर तुमच्या सगळ्या कामावर शंका येते. तारांच्या चाकांच्या हबवरचे दाते तपासा. दातांना टोक आलं असेल तर चाक आणि हब दोन्ही बदलायचे, एकच बदललं तर नवंही लगेच झिजतं. डावे-उजवे हब अदलाबदल झाले तर मधला नट चालता चालता सुटतो, हे जोडतानाच बघा. टायरच्या बाजूला चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. खोबणी भरपूर असली तरी जुने टायर ठेवून गाडी दाखवू नका.

जाहिरातीत जे नीट नाही ते आधी लिहा: दाराच्या छोट्या काचेखाली तडा भरलेला असेल, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर सहज पडू देणारी रचना) नाही, जे असेल ते. गंभीर गिऱ्हाईक अशाने पळत नाही. फोटो खालून काढलेले हवेत, लिफ्टवर किंवा घोडीवर.

चालवून बघायला देण्याआधी विमा त्याला लागू आहे ना ते पाहा आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका. इंजिन थंड असताना कशी लागते, चोक आत गेल्यावर कशी चालते, हे बघायचा त्याला हक्क आहे. गरम झाल्यावर ऑइलचा दाब चालताना साधारण ५० ते ८० पीएसआय असायला हवा.

किमतीबद्दल इतकंच की घातलेला पैसा आणि वेळ पूर्ण परत येत नाही, पत्र्याचं काम चांगलं असेल तेव्हा तर हमखास नाही. त्या आकड्याला धरून बसलात तर गाडी महिनोन्महिने उभी राहते, आणि उभी गाडी पुन्हा बिघडते.

पत्रा_आणि_टाका

यात थोडी भर. काढलेले मूळ भाग, डायनॅमोपासून जुन्या कॅसल रेलच्या एका तुकड्यापर्यंत, गाडीबरोबर द्या. कापलेल्या सिलचा तुकडा हातात घेतला की आत किती गेलं होतं हे गिऱ्हाइकाला फोटोपेक्षा लवकर पटतं.

कागदपत्र_जपा

बरोबर. आणि ताबा देताना: रक्कम खात्यात खरोखर जमा झाल्यावरच किल्ली. व्यवहारपत्रात तारीख आणि वेळ, किलोमीटर किंवा मैल, चॅसिस व इंजिन क्रमांक, आणि गाडी आहे त्या स्थितीत घेतल्याची दोघांची सही. मालकी बदलल्याची नोंद तुम्ही स्वतः करा, समोरच्यावर सोडू नका. ती झाल्याची पोच हाती आल्यावरच विमा बंद करा. एका कागदावर नव्या मालकासाठी लिहून द्या: किंगपिनचे (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खुंटीचे) ग्रीस निपल प्रत्येक बाजूला तीन, दर ५००० किलोमीटरला ग्रीस, एसयूच्या डँपरमध्ये ऑइल, ओव्हरड्राइव्ह कोणत्या गिअरमध्ये लागतो. गाडी पॉझिटिव्ह अर्थ ठेवली असेल तर बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा, नाहीतर पहिल्याच वेळी कुणीतरी दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना उलटी जोडेल.

तारवेल

आता आधी फटी मोजून घेतो आणि झाकणपत्रा काढतो. आत जे निघेल त्याचे फोटो याच धाग्यावर टाकतो.