मदत हवी आहे: गेटवेला वहिनी आणि मुलांभोवती फोटोसाठी गर्दी, कसं थांबवायचं?

मुलुंडची_आत्या: भाऊ, वहिनी, मुलं आली आहेत. काल गेटवेला अर्धा तासही थांबता आलं नाही. आधी कॉलेजच्या पोरांनी ‘वन सेल्फी’ म्हटलं, वहिनी हसून उभी राहिली, मग रांगच लागली. एका बाईंनी धाकटीला न विचारता उचललं, गाल ओढले. ती रडत होती तरी फोटो चालूच! आज ती चपला घालायलाही तयार नाही. रविवारी घारापुरीला जायचंय. लवकर सांगा.

सह्यवाट: वहिनी कुठल्या? मुलांची वयं? रविवारच का?

मुलुंडची_आत्या: वहिनी जर्मन, मुलांचे केस सोनेरी. मुलगा नऊ, मुलगी चार. सोमवारपासून भाऊ पुण्याला कामावर.

सुमनताई: लोक कौतुकानेच करतात गं. तीट लावून ने.

खारवारा: ताई, पोर रडतंय तरी सोडत नाहीत, हे कसलं कौतुक? आईला घेऊन चीनला गेलो होतो. नऊवारी बघून बीजिंगमध्ये लोक तिला हाताला धरून फोटोत ओढायचे. दोन दिवस तिने हसून सोसलं, तिसऱ्या दिवशी खोलीतच बसली. मग ‘बू याओ’ म्हणजे ‘नको’ शिकली, हात आडवा धरून म्हणायची. बरेचसे जण थांबायचे.

सुमनताई: परक्या देशातलं वेगळं. आपल्याकडे तोडून बोलू नये.

तिकीटखिडकी: घारापुरीला परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये, आपल्याला ४०. पंधरा वर्षांखालच्यांना फुकट. वहिनींकडे ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर ४०च. मूळ कार्ड न्या.

मुलुंडची_आत्या: तिकिटाचं विचारलंच नाहीये हो!

सह्यवाट: रविवार टाळाच. सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवारी सकाळच्या पहिल्या लाँचने जा, त्रिमूर्तीपुढे निवांत उभं राहता येईल. आणि पहिल्याच फोटोला नाही म्हणा. एकाला हो म्हटलं की बघणाऱ्यांना वाटतं, इथे फोटो मिळतोय. वहिनींनी नाही, तुम्ही पुढे होऊन मराठीत सांगा.

खारवारा: मुलांनाही ‘हात लावू नका’ शिकवा. आणि धाकटीला कडेवर घ्या.

मुलुंडची_आत्या: भाऊ नसेल, पण मंगळवारच बरा. मुलगा ‘हात लावू नका’ घोकतोय, ‘ळ’ नाही त्यात, नशीब. धाकटी नुसतं ‘नको’ म्हणते, पण जोरात. पहिली लाँच किती वाजता सुटते?

सह्यवाट: नऊच्या सुमारास. साडेआठला गेटवेला पोचा.