आशीर्वादात दवच का? पाऊस का नाही?

रेशीमबागची काकू
माझी कॉलेजातली मैत्रीण मूळची अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. तिची लेक इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तिला मुलगी झाली, नाव ठेवलं ताल. मी फोनवर म्हटलं, वा, जावई तबला वाजवतात का? बाईसाहेब हसून हसून खोकल्या. हिब्रूत ताल म्हणजे दव! मग तिनं बायबलमधल्या इसहाकानं आपल्या मुलाला, याकोबाला दिलेला आशीर्वाद सांगितला: देव तुला आकाशाचं दव देवो, जमिनीचा कस देवो, धान्य आणि द्राक्षारस भरपूर देवो.

तेव्हा इकडे 45 अंश, मी कूलरमध्ये तिसरी बादली ओतत होते. मनात आलं, द्यायचंच तर पाऊस द्यावा, दव काहून? आपल्याकडे दव म्हणजे ऊन चढलं की गेलं. जीवन दवबिंदूसारखं, हे आपण मयतीला बोलतो, बारशाला नाही. वंशवेल वाढो, हे कळतं. दवाचा आशीर्वाद कसा झाला?

काटोलचा संत्रेवाला
काकू, हरभरा पेरला असता तं विचारलंच नसतं. कोरडवाहू हरभऱ्याले पाणी कोण देते? जमिनीतली ओल अन् रात्रीचं दहिवर. आमची आजी थंडीत हरभऱ्यावर धुतलेलं धोतर पसरून ठेवे, पहाटे पिळून आंब, म्हणजे ते आंबट पाणी, काढे. पोट दुखलं का चमचाभर आंब पाण्यात. दव नसतं तं आंब कुठची?

तिकडं मे ते सप्टेंबर पाऊस जवळपास नसतेच. आपला पावसाळा थो त्याईचा कोरडा काळ, अन् अंगूर-अंजीर पिकते तेव्हाच. रात्री समुद्रावरून ओल येते, तेवढाच आधार.

रेशीमबागची काकू
आंब! विसरलेच होते हो. पण दव टिकत नाही, असं त्यांच्यात कुणी म्हटलंच नाही?

ठाण्याचा शनिवार तेली
मी बेने इस्राएल. (नाव पाहून बिचकू नका, कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे.)

म्हटलंय तर! होशेया या संदेष्ट्याच्या पुस्तकात देव चिडून म्हणतो, तुमची माया पहाटेच्या दवासारखी, लगेच उडून जाणारी. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात म्हणतो, मी इस्राएलला दवासारखा होईन. मी असा अर्थ लावतो: माणसाचं दव उडून जातं, देवाचं दुसऱ्या रात्री परत पडतं. शिवाय पावसाला अट आहे. तोरात, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, बजावलंय की दुसऱ्या देवांमागे गेलात तर आकाश बंद होईल. दव मात्र अडवलं जात नाही, असं तालमुद, म्हणजे आमच्या धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, म्हणतो. अपवाद आमचा लाडका एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, ज्याच्या नावानं आम्ही मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) करतो. त्यानं अहाब राजाला सुनावलं होतं, माझ्या शब्दाशिवाय पाऊस नाही आणि दवही नाही.

आता गंमत. पेसाख या आमच्या वसंतातल्या सणाच्या पहिल्या दिवशी आम्ही दवाची प्रार्थना करतो. तिथून शरदातला सुक्कोथ सण संपेपर्यंत रोज 'मोरिद हताल', दव पाडणारा, असं देवाला म्हणायचं. म्हणजे जुलैत ठाण्यात गुडघाभर पाणी, सिनेगॉगच्या पत्र्यावर धो धो, आणि आत आम्ही दवाचं नाव घेतोय! ऑक्टोबरात पाऊस गेला की मग पावसाचं सुरू. लहानपणी मी आजोबांना विचारलं, देवाला कॅलेंडर कळत नाही का? ते म्हणाले, कॅलेंडर यरुशलेमचं आहे, छत्री आपली.

काकू, तुमची वंशवेल आमच्याकडेही आहे. स्तोत्र 128 मध्ये बायको द्राक्षवेलीसारखी आणि मुलं मेजाभोवती जैतुनाच्या (ऑलिव्हच्या) रोपांसारखी. हे बरीच वर्षं मला नुसतं सजावटीचं वाटायचं. मग जैतुनाचं म्हातारं झाड पाहिलं. बुडातूनच चहूबाजूंनी फुटवे वर येतात, खोडाला घेरून.

काटोलचा संत्रेवाला
म्हणजे केळीचे मुनवे!

ठाण्याचा शनिवार तेली
अगदी तेच.

रेशीमबागची काकू
मैत्रिणीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, तालच्या नावानं एकदा आंब चाखायचीच. दादा, हिवाळ्यात आम्ही दोघी काटोलला आलो तर चालेल?

काटोलचा संत्रेवाला
या ना. जानेवारीत या, पहाटे पाचला. धोतर तुमचं आणा, आमच्या घरी आता कोणी नेसत नाही.